कमी पाण्याचं झाड

ताईच्या जखमेला वास यायला लागला तेव्हा घरात कुणीच तसं म्हणालं नाही. मुलगा खिडक्या सताड उघड्या ठेवू लागला. सून बाथरूममध्ये मारायचा फवारा आधी पॅसेजमध्ये आणि मग सासूच्या खोलीच्या दारात मारू लागली. एक दिवस जेवणाचं टेबल सरकून भिंतीपलीकडे गेलं. सुनेला दिवस गेले होते, तिला कशानंही मळमळायचं, त्यामुळे खरं काय ते बोलायची गरजच पडली नाही. सगळं तिच्या मळमळीवर खपून गेलं.

ताईची सगळी नोकरी बसमध्ये कंडक्टर म्हणून झाली होती. डेपोत तिला 'डबलबेल' म्हणायचे, कारण एकदा तिनं घंटीची दोरी दोनदा ओढली की मग मागून कुणी कितीही धावत येवो, गाडी सुटायचीच. तिकीट न काढलेला माणूस तिला तोंडावरून कळायचा. घरातल्या माणसांची तोंडं वाचायला तिला कितीसा वेळ लागणार? तिनं धाकट्या बहिणीला फोन लावला.

"छोटे, तुझ्या पुढच्या खोलीत ऊन येतं ना अजून?"

"येतं की. का गं?"

"मी येते राहायला. बॅगा दोनच आहेत. आणि एक वास आहे. तो आधीच सांगून ठेवते, नंतर म्हणशील ताईनं सांगितलं नाही."

"ये," धाकटी म्हणाली. "मला तशीही सर्दी असते."

छातीतली गाठ ताईनं फार उशिरा दाखवली होती. ड्यूटी, मग निवृत्ती, मग मुलाचं लग्न, असं करत ती अंगावर काढत राहिली. शेवटी गाठच कातडी फोडून बाहेर आली. डॉक्टरांनी जे करण्यासारखं होतं ते करून झाल्यावर सांगितलं, की आता दुखणं कमी ठेवायचं, जखम स्वच्छ ठेवायची, एवढंच हातात आहे. शहराबाहेर अशा रुग्णांसाठी एक शुश्रूषाघर होतं. तिथली सिस्टर दिवसाआड घरी येऊन पट्टी बदलायची.

धाकटीचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि त्याच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. ताईला वर आणताना त्यानं तिला खुर्चीसकट उचललं. प्रत्येक जिन्याच्या वळणावर ताई म्हणायची, "मेहुणे, दुसऱ्यांच्या लिफ्टी चालवून काय उपयोग झाला?" तो घामाघूम होऊन म्हणायचा, "ताई, हसवू नका, खाली जाल." पुढच्या खोलीला लागून हातभर रुंदीची गॅलरी होती. पलंग असा लावला, की ताईला पडल्यापडल्या गॅलरीच्या कठड्याला हात लावता यावा.

धाकटी एका चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासायची. फिरत्या चाकावर पाण्याची धार, त्याखाली काच, आणि बोटांना सतत पांढरी पिठी. ती संध्याकाळी घरी आली की दार उघडताच वास तिच्या अंगावर यायचा. गोडसर, ओला, आत कुठेतरी विसरलेल्या मांसासारखा. ती चपला काढता काढता तोंडानं श्वास घ्यायला लागायची आणि मग हसत आत जायची.

"येतोय ना गं?" ताई विचारायची.

"काय?"

"काय म्हणजे? वास."

"छे! सर्दी आहे मला."

अशी धाकटीला बारमाही सर्दी झाली. नवऱ्यानंही तीच सर्दी लावून घेतली.

सिस्टर जखमेवर वास कमी करणारी पूड टाकायची, त्यानं थोडे दिवस बरं वाटायचं, पण पुन्हा ये रे माझ्या मागल्या. एकदा ती म्हणाली, "आमच्याकडे काहीजणांना लव्हेंडरचा उपयोग होतो. जखमेवर नाही हं, पट्टीच्या बाहेर, उशीजवळ वगैरे." धाकटीनं त्याच दिवशी तेलाची बाटली आणली. ताईनं एकदा हुंगली आणि तोंड फिरवलं.

"हॉटेलच्या मुतारीत हाच वास असतो. ने ते."

बाटली गेली. पण दुसऱ्या दिवशी ताई आपणहून बोलायला लागली. बऱ्याच वर्षांपूर्वी तिच्या गाडीला एक म्हातारी यायची. घरी लव्हेंडर लावलेलं, त्याची मूठभर जुडी घेऊन ती दर आठवड्याला कुणाला तरी भेटायला जायची. पुढच्या सीटवर बसून जुडी तळहातावर चोळत राहायची. "ती उतरल्यावरसुद्धा डेपोपर्यंत गाडीत वास राहायचा. डिझेलवर मात करायचा, म्हणजे बघ. ते हवंय मला. बाटलीतलं नको, झाडाचं."

"मग झाड लावू," धाकटी म्हणाली.

इथपर्यंत सगळं सोपं होतं. बी आणलं, तर पाकिटात मुंग्यांनी ओढून नेलेल्या मालासारखे काळपट कण. पाकिटावर लिहिलं होतं, की बी आधी थंडीत ठेवावं लागतं. काही आठवडे थंडी सोसल्याशिवाय ते जागंच होत नाही. धाकटीनं ओल्या कागदी रुमालात बी पसरलं, रुमाल चपट्या डबीत ठेवला आणि डबी फ्रिजमध्ये, दुधाच्या मागे सरकवली.

"हे काय?" नवऱ्यानं विचारलं.

"बी आहे. त्याला झोपवलंय."

"आपल्या घरात झोप फक्त बियाण्यालाच लागते वाटतं," तो म्हणाला. खरंच होतं ते. ताई कण्हायची तेव्हा सगळं घर जागं असायचं.

वाट बघणं ताईला जमत नव्हतं. "अजून नाही उठलं?" ती रोज विचारायची. शेवटी एकदाची डबी बाहेर काढली. पसरट ट्रेमध्ये थोडी माती, त्यात निम्म्याहून जास्त जाड वाळू, वरून बी नुसतं बोटानं दाबायचं, झाकायचं नाही, कारण त्याला उजेड लागतो. ट्रेवर पातळ प्लास्टिक ताणलं. मग पुन्हा वाट बघणं. ताईनं आशा सोडली तेव्हा एका कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसला, मग दुसरा. धाकटीनं दुकानातून डोळ्याला लावायचं भिंग आणलं आणि दोघी बहिणी आळीपाळीनं त्या टाचणीच्या डोक्याएवढ्या पानांकडे बघत बसल्या. त्या संध्याकाळी ताईनं बऱ्याच दिवसांनी ब्रेडचा अर्धा तुकडा मागून खाल्ला.

पुढच्या आठवड्यात रोपं एकेक करून आडवी झाली. मातीलगत देठ काळा पडायचा, दोऱ्यासारखा बारीक व्हायचा, आणि रोप जागच्या जागी झोपायचं. धाकटीनं प्लास्टिक काढलं, हवा लागू दिली, पाणी तोडलं. काही उपयोग झाला नाही. शेवटचं रोप पडलं ते ताईच्या देखत.

"बघ," ताई म्हणाली, "गर्दी नव्हती, धक्का नव्हता, तरी पडलं."

धाकटीला तो विनोद सहन झाला नाही. ती रोपवाटिकेत गेली आणि तयार रोपं घेऊन आली. चार कुंड्या, वीतभर उंचीची, करड्या हिरव्या सुईसारख्या पानांची. पान चोळलं की बोटाला वास लागायचा. फुलं नव्हती, पण वास तोच होता. ताईनं पहिलं पान नाकाला लावलं आणि डोळे मिटले. "हाच," एवढंच म्हणाली.

रोपवाटिकेतल्या बाईनं बजावून सांगितलं होतं. ऊन भरपूर. माती पूर्ण सुकेपर्यंत पाणी नाही. बोट खुपसून बघायचं, आत जरासुद्धा ओल लागली तर झारीला हात लावायचा नाही. ही रोपं तहानेनं क्वचितच मरतात, लाडानं मरतात. धाकटीनं हे सगळं ताईला सांगितलं. ताईनं मान डोलावली.

कुंड्या कठड्याला लागून, ताईच्या हाताशी. दिवसभर धाकटी काचांवर, तिचा नवरा कुणाच्या तरी लिफ्टच्या खड्ड्यात. घरात ताई एकटी. दुपारी शेजारची बाई पूर्वी डोकवायची, आता तिचीही कामं वाढली होती. ताईच्या उशाशी पाण्याचा तांब्या असायचा. जन्मभर उभी राहून काम केलेली बाई पलंगावर पडून होती. तिच्या हाताला एवढंच एक काम उरलं होतं. ती थोडं पाणी प्यायची, थोडं कुंडीत ओतायची. मग दुसऱ्या कुंडीत. कुणाला कमी नको.

खालची पानं पिवळी पडायला लागली. धाकटीला वाटलं ऊन कमी पडतंय. तिनं कुंड्या फिरवल्या. पानं मऊ झाली, माना टाकल्या. धाकटीनं बोट खुपसलं, तर माती ओली.

"ताई, पाणी घातलंस?"

"नाही गं. मला कुठे हात पुरतो!"

ताईचा हात पुरतो, म्हणून तर कुंड्या तिथे ठेवल्या होत्या. पण धाकटीनं वाद घातला नाही.

मग एका रविवारी ताईचा मुलगा आला. बऱ्याच दिवसांनी आला होता. फळं आणली, दारात बूट काढले, "आई, बरी दिसतेस" म्हणाला. पलंगाजवळच्या खुर्चीवर बसला. त्याच दिवशी सिस्टरला यायला उशीर झाला होता आणि पट्टी भिजली होती. मुलगा बोलता बोलता थांबला. "गाडी नीट लावली नाही, बघून येतो," असं म्हणून उठला. तो जिन्यात पोचतो न पोचतो तोच आवाज आला. जिन्यातला आवाज घरात स्पष्ट येतो. तो पोटातलं सगळं ओकत होता, आणि मधे मधे आवाज दाबायचा प्रयत्न करत होता.

तो परत वर आला नाही. धाकटी बादली आणि फडकं घेऊन जिना पुसून आली. ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"त्याला सांग, येऊ नकोस," ताई म्हणाली. "म्हणावं बायकोकडे बघ."

धाकटी गॅलरीत गेली. काहीतरी हाताला हवं म्हणून तिनं एका कुंडीतलं रोप धरलं, आणि ते ओढण्याआधीच वर आलं. मुळं तपकिरी, बुळबुळीत, आणि त्यातून सडका वास. घरातल्या वासासारखाच, फक्त थंड. तिनं दुसरं उपटलं. तेही तसंच. तळाच्या बशीत पाणी साचलेलं.

"तू पाणी घालत होतीस," ती म्हणाली.

"थोडंसं गं. सुकलेली वाटायची."

"सांगितलं होतं ना तुला! शंभरदा सांगितलं! एवढं एक काम, काही करायचं नाही, एवढंच काम होतं! काही म्हणजे काही टिकू देत नाहीस! सगळं घर सडवलंस तू!"

शेवटचं वाक्य संपल्यावर खालून रस्त्यावरचा हॉर्न ऐकू आला. स्वयंपाकघरातून नवरा दारापर्यंत आला आणि तिथेच थांबला. धाकटीच्या हातात मुळांचा गोळा होता, त्यातून पाणी ठिबकत होतं.

ताई रडली नाही. म्हणाली, "हात धू आधी."

सिस्टर आली, तिनं पट्टी बदलली. मग ताईनं विचारलं, "तुमच्या शुश्रूषाघरात पलंग आहे का रिकामा?" सिस्टरनं धाकटीकडे पाहिलं. "तिच्याकडे बघू नका," ताई म्हणाली, "पेशंट मी आहे."

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही धाकटीनं हातापाया पडून पाहिलं. तोंडातून गेलं, मनात नव्हतं, असं सगळं म्हणून झालं. ताई भांडली नाही आणि ऐकलंही नाही. नवऱ्यानं तिला पुन्हा खुर्चीसकट उचललं. या खेपेला ती फार हलकी झाली होती, आणि जिन्याच्या एकाही वळणावर कुणी विनोद केला नाही.

शुश्रूषाघर बैठं होतं, खोल्यांना मोठ्या खिडक्या. तिथल्या माणसांना वासाचं काही वाटत नव्हतं. निदान ते सर्दीचं नाव सांगत नव्हते. पट्टी बदलणारी बाई सरळ म्हणायची, "आज वास जास्त आहे हो, पूड वाढवू या." ताईला ते आवडलं. तिनं धाकटीला तसं सांगितलंसुद्धा, आणि धाकटीला ते लागलं.

घरी दोन कुंड्या उरल्या होत्या, त्याही जाणाऱ्याच. धाकटीनं त्यांचे जे शेंडे अजून करकरीत होते ते कापले, खालची पानं ओरबाडली, आणि काड्या नुसत्या ओल्या वाळूत खोचून सावलीत ठेवल्या. का करतेय हे तिनं स्वतःला विचारलं नाही. बाकीच्या काड्या काळ्या पडल्या. एक तग धरून राहिली. हलकेच ओढली तर येईना, म्हणजे खाली मूळ धरलं होतं.

ती मोठी होईपर्यंत थांबायला सवड नव्हती. धाकटीनं तिचंच एक कोवळं पान तोडलं आणि रुमालात गुंडाळून नेलं. ताई तोवर दिवसाचा बराच वेळ औषधाच्या गुंगीत असायची. त्या दिवशी जागी होती. धाकटीनं पान तिच्या बोटांत दिलं. ताईनं चोळलं, हुंगलं.

"कुठून आलं?"

"त्यातलंच आहे. एक जगलं."

"मी पाणी घालायला नव्हते ना," ताई म्हणाली. धाकटीनं मान खाली घातली.

"ताई, मी त्या दिवशी..."

"लागलं मला," ताई म्हणाली. "खोटं कशाला बोलू? अजून लागतं. पडल्यापडल्या तेच ऐकू येतं कधी कधी."

धाकटीला वाटलं होतं, ताई म्हणेल, जाऊ दे गं. ताई तसं म्हणाली नाही. तिनं पान उशीखाली सरकवलं.

"पण मला माहीतच नव्हतं तुला एवढा त्रास होतोय. तू सर्दी सांगायचीस, मी खरं मानायचे. मानायचे कसली, मानून घ्यायचे. नाहीतर आधीच आले असते इथे." मग म्हणाली, "भेटीच्या दर दिवशी येऊ नकोस. जमेल तेव्हा ये."

धाकटी भेटीच्या दर दिवशी गेली. पान न्यायची. शेवटी शेवटी ताईला ते हातात धरता येत नव्हतं, तेव्हा ती स्वतः चोळून तिच्या नाकाजवळ धरायची. ताईला कळायचं की नाही, कुणास ठाऊक. एकदा तिनं तोंड फिरवलं. धाकटीनं हात मागे घेतला आणि परत पान नेलं नाही.

ताई गेली तेव्हा धाकटी चाकावर होती. मालकानं फोन तिच्या कानाला लावला, कारण तिचे हात पिठीनं भरले होते. ती "बरं" म्हणाली, "येते" म्हणाली. हातातली काच कुठे ठेवायची ते तिला सुचेना. मालकानंच चाक बंद केलं.

मुलगा आला होता. त्यानं सगळं व्यवस्थित केलं, सगळ्यांना फोन केले, डेपोतल्या जुन्या माणसांना गाडी पाठवली. त्याला त्या दिवशी कसलाच वास आला नाही. ताईला तिथल्या बायकांनी स्वच्छ पुसून, नव्या पट्ट्या बांधून ठेवलं होतं.

काडी गॅलरीत वाढत राहिली. धाकटी पाणी घालतच नाही म्हणता येईल इतकं कमी घालायची. आलेल्या पहिल्या कळ्या तिनं खुडून टाकल्या, कारण रोप लहान असताना फुलू दिलं तर अंगानं भरत नाही. पुढच्या उन्हाळ्यात झाड फुललं. जांभळे तुरे कठड्याबाहेर झुकले, आणि वास खोलीभर झाला.

त्या संध्याकाळी धाकटी घरी आली, दार उघडलं आणि चपला काढता काढता तोंडानं श्वास घ्यायला लागली. आधी तिला स्वतःलाच कळलं नाही. मग कळलं. लव्हेंडरचा वास घेतला की त्याच्या खालून दुसरा वास वर यायचा, गोडसर, ओला. घर कितीदा धुऊन झालं होतं, गादी टाकून दिली होती, भिंतींना रंग लावला होता. वास कुठेच नव्हता. फक्त लव्हेंडरच्या आत होता. तिनं गॅलरीचं दार लावून घेतलं. ऐन उन्हाळ्यात ते बंदच राहिलं, आणि नवरा उकाड्यानं हैराण झाला तरी त्यानं ते उघडलं नाही.

झाड उपटून टाकायला तिचा हात होईना. नवऱ्याला टाकायला सांगायला तोंड होईना.

मग ताईचा मुलगा आला. ताईची एक बॅग राहिली होती, ती न्यायला. आता तो बाप झाला होता. खांद्यावर दुधाचा वाळलेला डाग होता आणि तो त्याला माहीत नव्हता. चहा घेताना तो खूप वेळ कप फिरवत बसला.

"मावशी, आई माझ्याबद्दल काही म्हणाली होती? शेवटी?"

"म्हणाली, त्याला येऊ नको सांग. बायकोकडे बघ म्हणावं."

"ते त्या दिवशीचं झालं. नंतर?"

धाकटीनं आठवून पाहिलं. खोटं सुचत होतं, एकाहून एक चांगलं. "नंतर नाही," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. डोळे पुसायला तो उठून गॅलरीकडे वळला आणि काचेतून त्याला झाड दिसलं. "हे तेच?"

"त्याचंच. घेऊन जा."

"नको, नको. तुझ्याकडे तेवढीच तिची आठवण आहे."

"ने रे. ऊन दे भरपूर. पाणी अगदी कमी, माती पूर्ण सुकल्यावरच. फुलं संपली की वरवर छाट, खालच्या जुन्या लाकडाला कात्री लावू नकोस, तिथून परत फुटत नाही."

त्यानं दार उघडलं, कुंडी उचलली, तुऱ्यांत नाक खुपसलं आणि तिथेच उभा राहून हमसून हमसून रडला. धाकटीनं श्वास रोखून धरला. तो तिच्या पाया पडला. मावशीचं मन किती मोठं, असं काहीतरी पुटपुटला. तिनं त्याला ते म्हणू दिलं.

तो जिना उतरून गेल्यावर नवरा आतून बाहेर आला. रिकाम्या गॅलरीत कुंडीचा गोल डाग होता.

"दिलंस?"

"दिलं."

"बॅग विसरला तो," नवरा म्हणाला.

"येईल परत," धाकटी म्हणाली, आणि फडकं ओलं करून डाग पुसायला खाली बसली.